शिवाराचा जाणता : गावच्या निसर्गसेवकाचे शिक्षण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेले आहे. वर्षाकाठी पडणारा पाऊस ४०० ते ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळात येथे पाझर तलाव बांधण्यात आला. परंतु त्याच्या बांधातून पाणी निसटून जात असल्याने त्याचा लाभ गावास होत नव्हता. १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतलेले श्री. कि. बा. ऊर्फ अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी श्रमदान करून तो दुरुस्त केला, तेव्हा तलावाखालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. पुढे नालाबांध, समतल चर व बांधबंदिस्ती यांची कामे झाली आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. १९९२ मध्ये राज्य शासनाने आदर्श गाव योजना सुरू केली, ती याच अनुभवाच्या आधारे होय.

या पाच सूत्रांपैकी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी ही दोन सूत्रे प्रत्यक्ष माळरानाशी संबंध ठेवतात. त्यांची एक अडचण आहे. ज्या पिढीने उघडा-बोडका माळ पाहिला होता, तिला बंदीचे महत्त्व सांगावे लागत नाही. जी पिढी हिरव्या शिवारात जन्मली, तिला मात्र बंदी म्हणजे केवळ वडीलधाऱ्यांचा हुकूम वाटण्याचा संभव असतो. बंदीमुळे माळावर काय परत आले, किती आले, कोठे आले नाही, हे ज्याला दाखवता येईल असा माणूस गावात नसेल तर नियम सैल होण्यास वेळ लागत नाही. असा माणूस तयार करणे हे काम कोणत्याही एका खात्याचे नव्हे. आपल्या शिवारातील झाडझाडोरा, गवत, पक्षी, कीटक व पाणी यांचे नियमित अवलोकन करून त्यांची नोंद ठेवणारा आणि ती गावापुढे मांडणारा जो बिनवेतनी कार्यकर्ता, त्यास येथे निसर्गसेवक असे म्हटले आहे.

त्यासाठी पदवीची आवश्यकता नाही. याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी शालेय शिक्षण नसताना गावठी वाणांचे बियाणे गोळा केले, त्यांचे गुण जाणले व बीजबँक उभारली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वनाधिकारी व लेखक श्री. मारुती चितमपल्ली यांचेही जंगलाविषयीचे ज्ञान पुस्तकांइतकेच रानात राहणाऱ्या माणसांच्या सहवासातून वाढले. निसर्गसेवकाची पहिली शाळाही अशीच भरते. मेंढरे घेऊन माळोमाळ फिरलेला म्हातारा धनगर, खुरपणीच्या वेळी पाथरी, घोळ, तांदुळजा, कुरडू व टाकळा निवडून आणणाऱ्या स्त्रिया, आणि कोणत्या विहिरीचा झरा कोणत्या अंगाने येतो हे सांगणारा जुना विहीरखोद्या हे तिचे शिक्षक होत. त्यांच्याबरोबर एक हंगाम फिरावे, नावे ते उच्चारतात तशीच लिहून घ्यावी. एकाच वनस्पतीस दोन गावांत दोन नावे असतात. म्हणून नावाबरोबर पान, फूल व जागा यांचे वर्णन लिहावे. पुस्तकाशी ताडून पाहणे त्यानंतरचे. स्त्रियांना या कामात आरंभापासून घ्यावे हे वेगळे सांगण्याचे कारण असे की, नोंदवह्या लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि रानभाज्यांचे, सरपणाचे व बियाण्याचे ज्ञान मात्र स्त्रियांजवळ असते.

शिकण्यास सर्वांत उपयुक्त व सर्वांत दुर्लक्षित विषय गवत हा आहे. झाड सर्वांना दिसते; गवत म्हणजे गवत, असे समजून माणूस पुढे जातो. वस्तुतः माळाची प्रकृती गवतावरून जितकी कळते तितकी अन्य कशावरून कळत नाही. सतत व बेसुमार चराई झालेल्या माळावर चांगली गवते मुळापासून खुरटतात आणि कुसळी माजते. तिची काळसर, पिळदार कुसळे पक्व झाल्यावर एकमेकांत गुंततात, मेंढरांच्या लोकरीत व तोंडात रुततात, म्हणून ती फुलोऱ्यानंतर जनावरांच्या कामाची राहत नाही. माळास काही वर्षे विसावा मिळाला की मारवेल, पवना, डोंगरी ही सकस गवते पुन्हा दिसू लागतात. मारवेल ओळखणे सोपे आहे : तिच्या काडीच्या पेऱ्यांवर पांढऱ्या केसांचे कडे असते. डोंगरीचा तुरा तांबूस-सोनेरी असतो. ही दोन लक्षणे शाळकरी मुलासही एका दुपारी शिकवता येतात.

मोजणीची रीत अशी. एक मीटर लांबीच्या चार बाजूंचा सुतळीचा चौकोन करून चार खुंट्यांस बांधावा. भाद्रपद-आश्विनात गवत फुलोऱ्यावर आले म्हणजे बंदीच्या क्षेत्रात दहा ठिकाणी व बंदीबाहेरच्या तशाच जमिनीवर दहा ठिकाणी तो मांडावा. प्रत्येक चौकोनात कोणती गवते आहेत, कोणते अधिक आहे व उघडी जमीन किती दिसते हे लिहावे. चांगली जागा शोधून चौकोन मांडण्याचा मोह प्रत्येकास होतो; तो टाळण्यासाठी ठरावीक पावले चालून जेथे पाय थांबेल तेथेच मांडावा. दरवर्षी त्याच आठवड्यात हे काम केल्यास चार-पाच वर्षांत माळ कोणत्या दिशेने चालला आहे ते कागदावर दिसू लागते. मारवेल वाढत नसेल आणि कुसळीच टिकून असेल, तर चोरटी चराई चालू आहे किंवा माती फार झिजली आहे असे समजून चौकशी करावी.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे योग्य होईल. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे चार एकर बागायत आहे तो गोठ्यात वैरण घालू शकतो. ज्याच्याकडे दहा शेळ्यांवाचून काही नाही त्याची माळावाचून गत नसते. निसर्गसेवकाने गवताबरोबर हेही टिपावे : बंदीनंतर कोणाची जनावरे कोठे चरू लागली, कापून नेण्याच्या गवतात भूमिहीनांना वाटा मिळाला की नाही. हा विषय निसर्गाचा नव्हे असे कोणी म्हणेल, पण बंदी मोडते ती बहुधा याच ठिकाणी.

झाडे लावण्याच्या उत्साहालाही जाणत्या डोळ्यांची जोड हवी. प्रत्येक मोकळा माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले. काळवीट, खोकड, धाविक व चंडोल यांना दाट झाडी नको, खुले गवताळ रानच हवे असते. अशा माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्यास हिरवेपणा वाढल्यासारखा वाटतो, परंतु तेथील मूळचे रहिवासी निघून जातात व वैरणही घटते. कोठे झाड आणि कोठे गवत, हा निर्णय घेण्यापूर्वी ग्रामसभेने निसर्गसेवकाची वही पाहावी.

पाण्याची नोंद त्या मानाने सोपी आहे. पर्जन्यमापक उघड्या जागी बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता वाचावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी, हा हिशेब एकदा मनात बसला की समतल चरांचे मोल कोणासही पटते. तीन-चार विहिरी निवडून कठड्यावरील एका खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे. दर महिन्यास शक्य नसेल तर पावसाळा संपल्यावर व मे महिन्यात तरी चुकवू नये.

पक्ष्यांच्या बाबतीत नवशिक्याने नावांची लांबलचक यादी करण्याच्या मागे लागू नये. शेताशी संबंध असलेले दहा-बारा पक्षी नीट ओळखता आले तरी आरंभास पुरे. हरभऱ्यात घाटेअळी दिसू लागली की एकरी वीसेक पक्षिथांबे उभारण्याची शिफारस केली जाते; त्यांवर कोतवाल बसतो की साळुंकी, सकाळी किती व दुपारी किती, हे पाहून लिहिणारा शेतकरी क्वचितच आढळतो. ही नोंद फवारणी करावी की थांबावे हे ठरविण्यास उपयोगी पडते. गव्हाणी घुबड व धामण हे उंदरांचे शत्रू, म्हणून शेतकऱ्याचे मित्र. पहिल्यास अपशकुनी ठरवून व दुसरीस गाईचे दूध पिते असा आळ घेऊन मारण्यात येते, हे आपलेच नुकसान होय.

लोकसमजुतींविषयी मात्र घाईने निकाल देऊ नये. टिटवीने चार अंडी घातली म्हणजे चार महिने पाऊस, असे म्हणतात. निसर्गसेवकाने हसू नये व मानही डोलावू नये, अंडी मोजावी. टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते असे त्याच्या ध्यानात येईल, आणि १९७२ सालीही तिने बहुधा तितकीच घातली असतील. अंडी मोजताना जवळ जाऊन हात लावू नये. घरटी व अंडी काढणे, साप पकडणे या गोष्टींस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप दुरून ओळखता यावेत, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, एवढे त्याने गावास पुन्हा पुन्हा सांगावे.

या सर्व नोंदींना कायद्यातही जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची व तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातल्यानंतर अनेक ठिकाणी या वह्या घाईने पुऱ्या करण्यात आल्या. काहींत शेजारच्या गावची यादीच उतरलेली दिसते. अशी वही कपाटात शोभते, शिवारात तिचा उपयोग नाही. निसर्गसेवकाने आपली नोंद वर्षातून एकदा समितीपुढे वाचावी, चुकीची नावे जाणत्यांकडून दुरुस्त करून घ्यावी व नवे पान जोडावे. पुढील शिक्षणाची इच्छा असल्यास १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. शाळेतील मुलांना बरोबर घेऊन पहिली गणना करण्यास तो काळ सोयीचा आहे.

एकट्याने आरंभ करण्याऐवजी दोघांनी मिळून करावा, त्यांपैकी एक वयाने लहान असावा. म्हणजे वही मध्येच खंडित होत नाही. आठवड्यातून एक ठरावीक वार व शिवारातील एकच वाट निवडावी. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागते. तत्पूर्वीच विहिरींच्या कठड्यांवर खुणा कराव्या, पर्जन्यमापक बसवावा, चौकोनासाठी सुतळी व खुंट्या तयार ठेवाव्या, आणि वहीतील पहिली नोंद कोरड्या शिवाराचीच घ्यावी.