पिशवीतला गुंता

आमच्या दारातला कडुलिंब तीन वर्षं कमरेच्या वर सरकला नाही. पाणी होतं, ऊन होतं, शेळ्यांपासून राखायला बोराटीचं कुंपणही होतं. चौथ्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात तो आडवा झाला. उचलायला गेलो तर मुळासकट हातात आला. खाली पाच बाय आठ इंची पिशवीचा हुबेहूब ठसा! पिशवी मी लावतानाच फाडून काढली होती. तरी मुळं त्याच आकारात, चऱ्हाटाची गुंडाळी घालावी तशी गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती. बाहेरच्या मातीत शिरलेली मुळं मोजून चार निघाली.

बीड जिल्ह्यात झाड का जगत नाही, असं कुणी विचारलं की आपण पावसाकडे बोट दाखवून मोकळे होतो. ते खोटं नाही. वर्षाला सरासरी ६५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही खंड पाडत येणारा आणि बालाघाटाच्या माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम. पण पावसाच्या नावावर खपवलेली कित्येक मरणं त्याआधीच, रोपवाटिकेत ठरून गेलेली असतात.

बीड शहराजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वन विभागाच्या साथीने सह्याद्री देवराई उभी केली. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी तिथे वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद चक्क वडाच्या झाडाला दिलं गेलं. कल्पना झकासच. पण अध्यक्ष होण्याआधी झाडाला पिशवीतून धड बाहेर पडावं लागतं. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यातली बहुतेक रोपं कुठल्या तरी रोपवाटिकेत, बहुधा बायांच्या हातांनी भरलेल्या काळ्या पिशवीत वाढलेली. खड्डे किती आणि रोपं किती याचे आकडे छापून येतात. पिशवीत काय भरलं होतं, ते कुणी विचारत नाही.

आपल्याकडे हाताशी असते ती काळी माती. कापसाला चांगली, पिशवीला वाईट. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी प्यालं की फुगतं आणि वाळलं की भेगा पाडतं. शेतात त्या भेगांतून हवा खेळते, पिशवीत मात्र उलटा प्रकार होतो. घरी करून बघा: भांडी घासायचा जाड स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. लगेच आणखी पाणी गळेल. पाण्याचा थर तळाशी अडकून राहतो आणि त्याची जाडी ठरते छिद्रांच्या बारकाव्यावर. उंची वाढली की वरचा भाग तेवढा मोकळा होतो. काळ्या मातीची छिद्रं इतकी बारीक, की वीतभर पिशवीचा मोठा हिस्सा ओलागच्चच राहतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. तो कोंडला की कोवळी रोपं बुंध्याशी काळी पडून कोलमडतात आणि माळी म्हणतो, पाणी कमी पडलं वाटतं. मग आणखी एक झारी!

म्हणून जुन्या वनमजुरांचं गणित असतं दोन किंवा तीन घमेली माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं शेणखत. वाळू इथे पोषणासाठी नसतेच, ती हवेसाठी असते. गोदाकाठच्या वाळूचे भाव आणि भानगडी बीडकरांना सांगायला नकोत; त्यामुळे पहिली काटछाट तिच्यावरच होते. तिच्याऐवजी तलावाचा गाळ वापरणारेही आहेत. गाळ शेतात सोनं असेल, पिशवीत तो काळ्या मातीपेक्षाही घट्ट बसतो. शेणखत अर्धकच्चं असेल तर त्यासोबत हुमणीच्या अळ्या फुकट येतात आणि वाळवीलाही आवतण जातं. कुजून त्याचा वास मातीसारखा यायला हवा. ऊसतोडीला गावोगाव पांगणाऱ्या या जिल्ह्यात साखर कारखान्याची मळी मिळू शकते. नीट कुजवली तर ती हलकी आणि सकस असते. ताजी घातली तर कुजताना तापते आणि मुळं भाजते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख हलकी खरी, पण तिच्यात नत्र जवळजवळ नसतं आणि ती बहुधा अल्कधर्मी असते. आपली माती आधीच चुनखडीची. त्यात राख ओतणं मला तरी पटत नाही.

आता खत. रोप विकायचं, तर ते उंच दिसलं पाहिजे. चिमूटभर युरियाने ते होतं. पंधरा दिवसांत पानं गर्द होतात, शेंडा लवलवतो. मूळ मात्र तितकंच राहतं. असं रोप माळावर नेलं की वरच्या पानांना लागणारं पाणी खालच्या मुळांना पुरवता येत नाही. वनशास्त्रात एक सोपं मोजमाप आहे: सेंटिमीटरमधल्या उंचीला बुंध्याच्या मिलिमीटरमधल्या जाडीने भागा. उत्तर साधारण सहाच्या आत असलं तर रोप काटक. साठ सेंटिमीटर उंच आणि पाच मिलिमीटर जाड म्हणजे बारा! असं रोप फोटोपुरतं. त्यामुळे नत्र थोडं थोडं, वाढीच्या वेगाने द्यायचं आणि लागवडीआधी महिनाभर ते बंद करून पाणीही हळूहळू तोडायचं. माहेरपण संपत आल्याचं रोपाला कळायला हवं.

पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती बहुतेक वेळा लोहाची ओरड असते. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही; त्यात बोअरचं जड पाणी रोज घातलं की भर पडते. इथे युरिया कामाचा नाही. स्फुरदाचंही अति नको. मुळांशी भागीदारी करणारी मायकोरायझा बुरशी दुरून स्फुरद आणून देते आणि बदल्यात साखर घेते. स्फुरद आयतंच मिळालं की झाड भागीदारी मोडतं. रोपवाटिकेतल्या लाडात वाढलेलं असं रोप माळावर एकटं पडतं. बाभळीच्या किंवा करंजाच्या मुळावर गाठी दिसल्या तर एखादी नखाने चिरून बघा. आत गुलाबी रंग असेल तर जिवाणू हवेतलं नत्र बांधतायत. हिरवट किंवा राखाडी असेल तर ती गाठ नुसती शोभेची.

गुंता मात्र खताने सुटत नाही. मूळ गुळगुळीत भिंतीला लागलं की वळतं आणि वळतच राहतं. रूट ट्रेनर नावाच्या साच्यात उभ्या धारा असतात, त्या मुळाला खाली नेतात. तळ उघडा आणि साचा जमिनीपासून उंच. मुळाचं टोक हवेत आलं की सुकतं आणि आतून नवी मुळं फुटतात. काळी पिशवी जमिनीवर ठेवली तर मूळ तळातून थेट खाली घुसतं; म्हणून तिथे पिशव्या अधूनमधून हलवाव्या लागतात.

यात वेळेचाही घोळ आहे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाशी पडतात आणि त्यांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच घसरते. म्हणजे पेरणी तेव्हाच आणि लागवड पुढच्या पावसाळ्यात. वर्षभर पिशवी. तो पावसाळा कोरडा गेला की लागवड पुढे ढकलली जाते, पिशवी तशीच राहते. माझ्या कडुलिंबाचं बहुधा हेच झालं असावं. घेताना तो चांगला डेरेदार होता आणि मी त्यालाच भुललो.

काही झाडं या खटाटोपाला जुमानतच नाहीत. पळस आणि अंजन उगवले की आधी खाली धावतात. अंजनाचं सोटमूळ तर खडकाच्या फटी शोधत जातं. लहानशा पिशवीत ते बघता बघता तळाला टेकतं. अशा झाडांचं बी पहिल्या पावसानंतर पहारीने भोक पाडून जागेवरच टोकावं. वर बरेच दिवस बोटभर शेंडा आणि मोजकी पानं. मोजणीला आलेला माणूस त्याला गवत समजून पुढे जातो आणि यादीत त्या खड्ड्यापुढे मेलेलं झाड लिहितो.