नुसतं ‘औषध द्या’ म्हणू नका

जव्हार-मोखाड्यात ‘औषध’ हा एकच शब्द भातावरच्या फवाऱ्याला चालतो, बैलाच्या इंजेक्शनला चालतो आणि तापाच्या गोळीलाही. शब्द घरचा, म्हणून धास्ती वाटत नाही. हीच रसायनं माती-पाण्यात उतरली की शास्त्रज्ञ त्यांना ‘उदयोन्मुख प्रदूषकं’ म्हणतात. त्यांतली बरीचशी जुनीच आहेत. त्यांचं मोजमाप आणि त्यांवरचे नियम तेवढे नवे.

गैरसमज : कारखाने तारापूरला, आपल्या डोंगरात कुठलं रसायन?
वस्तुस्थिती : रसायनाला धुराडं लागत नाही. तणनाशक, गोळ्या, प्लॅस्टिक सगळं आठवडी बाजारातून पाड्यावर पोहोचतं. घेतलेल्या गोळीचाही काही अंश लघवीवाटे बाहेर पडून पुढे मातीत आणि ओहोळात जातो.

गैरसमज : पाणी उकळलं की निर्धास्त.
वस्तुस्थिती : उकळल्याने जंतू मरतात, जुलाब-कावीळ टळते, तेव्हा उकळणं सोडू नका. पण अनेक रसायनं त्या उष्णतेला दाद देत नाहीत. न चिकटणाऱ्या तव्यांसाठी वापरली जाणारी ‘पीफास’ रसायनं त्यांतलीच. वाफ उडून जाते, ती मागे राहतात; उरलेल्या पाण्यात त्यांचं प्रमाण किंचित वाढतंच.

गैरसमज : औषधाचा कॅन राखेने घासला की पाण्याला चालतो.
वस्तुस्थिती : एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, खेपा लांबतात, अशा वेळी घट्ट झाकणाचा कॅन टाकवत नाही, हे खरं. पण प्लॅस्टिक औषध शोषून घेतं आणि आत भरलेल्या पाण्यात थोडं थोडं सोडत राहतं. वास गेला म्हणजे औषध गेलं असं नाही. रिकामा कॅन तीनदा खंगाळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता आणि कॅनला भोकं पाडा. म्हणजे कोणी त्यात पाणी भरणार नाही.

गैरसमज : गुराचं औषध गुराबरोबर संपतं.
वस्तुस्थिती : डायक्लोफेनॅक हे साधं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण उलगडलं २००४ मध्ये, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. मोखाड्याला लागून असलेल्या हरसूल भागात, खोरीपाड्याला, वन विभाग गिधाडांसाठी मेलेली गुरं ठेवतो. तिथे पहिली काळजी हीच, की त्या गुराच्या अंगात डायक्लोफेनॅक नको. गुराच्या दुखण्यावर मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे.

गैरसमज : आपल्याकडचा पाऊस सगळं धुऊन नेतो.
वस्तुस्थिती : नेतो, पण कुठे? मोखाड्याच्या उतारांवरचं पाणी वैतरणेला मिळतं. याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे आणि त्याचं पाणी मुंबई पिते. पाऊस रसायन पातळ करतो, जागेवरून हलवतो; संपवत नाही.

गैरसमज : पाण्यात रसायन सापडलं म्हणजे विषबाधा झालीच.
वस्तुस्थिती : तसंही नाही. कोणतं रसायन, किती आणि किती वर्षं पोटात गेलं, यावर सगळं ठरतं. गर्भवती आणि लहान मुलं यांना मात्र अधिक जपायला हवं.

म्हणून दुकानात नुसतं ‘औषध द्या’ म्हणू नये. कशावरचं, किती मापाचं, आणि रिकामा कॅन परत घेणार का, हेही तिथेच विचारून घ्यावं.