थरारपटातलं खरं-खोटं (लेखांक ४) : कलिंगडावर झाडलेली गोळी

गेल्या आठवड्यात आपण नायकाच्या पिस्तुलातल्या कधीच न संपणाऱ्या गोळ्यांचा हिशेब मांडला. आज अगदी उलट वळणाचा सिनेमा घेऊ : फ्रेड झिनेमान यांचा १९७३चा ‘द डे ऑफ द जॅकल’. फ्रेडरिक फोर्साइथ यांच्या कादंबरीवर बेतलेला. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना उडवायची सुपारी एक मारेकरी घेतो, एवढीच गोष्ट. शेवट तर सगळ्यांना आधीच ठाऊक. द गॉल १९७०मध्ये स्वतःच्या घरी, पत्ते लावत बसलेले असताना वारले. म्हणजे सुपारी फसणार हे तिकीट काढतानाच कळलेलं असतं, तरीही सव्वादोन तासांहून अधिक वेळ माणूस खुर्चीतून हलत नाही.

सिनेमाची सुरुवात खऱ्या घटनेनं होते. अल्जीरियाला स्वातंत्र्य दिलं म्हणून द गॉल यांच्यावर चिडलेल्या गटानं २२ ऑगस्ट १९६२च्या संध्याकाळी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथं त्यांच्या सिट्रोएन गाडीवर शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या. टायर फुटले, काचा फुटल्या, पण आत बसलेल्या द गॉल पतिपत्नींना खरचटलंही नाही. असा प्रसंग कुणी पटकथेत लिहिला असता, तर निर्मात्यानं ‘जरा पटेल असं लिहा’ म्हणून कागद परत केले असते!

जॅकल मात्र संपूर्णपणे कल्पित, आणि पटतो तो तोच. कारण झिनेमान आपल्याला त्याची तयारी दाखवत राहतात. तो दफनभूमीत जाऊन तान्हेपणी वारलेल्या एका मुलाचं नाव शोधतो, त्याचा जन्मदाखला काढतो आणि त्या नावावर पासपोर्ट मिळवतो. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ही पळवाट खरोखर होती. कादंबरीमुळे तिचा एवढा बोभाटा झाला की ‘जॅकल पद्धत’ असंच तिचं नाव पडलं.

मग ते कलिंगड. मारेकरी रानात गाडी थांबवतो, जाळीच्या पिशवीतलं कलिंगड झाडाला टांगतो आणि त्यावर रंगानं नाक-डोळे काढतो. लांब जाऊन एक गोळी झाडतो. नेम हुकतो. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तो दुर्बीण किंचित पिळतो, पुन्हा झाडतो, पुन्हा पिळतो. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची एकाग्रता. शेवटी स्फोटक गोळी घालतो आणि कलिंगडाच्या चिंधड्या उडतात. पार्श्वसंगीत नाही. माणूस एकही मेलेला नाही, पण पोटात गोळा येतो.

थाप इथंही आहे बरं का. रायफलचा आवाज जवळजवळ येतच नाही. प्रत्यक्षात सायलेन्सर धमाका साधारण २० ते ३५ डेसिबलनं कमी करतो. मूळचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे उरतो तोही दचकवणारा. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगानं जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा कडाका होतो, तो नळीवरचं कुठलंच यंत्र थांबवू शकत नाही. पण दिग्दर्शकाला गर्दीच्या मधोमध, कुणाला पत्ता न लागता गोळी सुटायला हवी होती. एवढी सूट मी आनंदानं देतो. एक मोठी थाप पचवायची तर तिच्याभोवती खरे तपशील रचावे लागतात, आणि ते त्यांनी रचलेत.

१९९७मध्ये ब्रूस विलिसला घेऊन ‘द जॅकल’ आला. त्यात मारेकऱ्याकडे दूरनियंत्रकावर चालणारी प्रचंड तोफच आहे आणि तिची चाचणी कलिंगडावर नव्हे, तर तिचा सांगाडा बनवून देणाऱ्या माणसावर होते. त्याचा हात उडतो, रक्त भरपूर सांडतं, पण भीती काही वाटत नाही. मुळात एका माणसाला मारायला, तेही लपूनछपून, कुणी एवढं धूड घेऊन फिरेल का, हा प्रश्न मनात आला की खेळ संपला. पहिल्या सिनेमातली रायफल कुबडीच्या नळ्यांत लपते, म्हणून तो प्रश्न तिथं येतच नाही.

दोन्ही सिनेमे जमल्यास लागोपाठ पाहा, आधी १९७३चा. पुढच्या आठवड्यात मोटारींचे पाठलाग.