टूथपेस्ट आणि दीड मिनिट

हायको हेर्लिश यांची टूथपेस्ट संपली होती. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग या फुटबॉल क्लबचे ते तेव्हाचे प्रशिक्षक. १० मार्च २०२० ला नेमणूक झाली, तीन दिवसांत कोरोनामुळे लीग थांबली, आणि मे उजाडला तरी बिचाऱ्यांच्या नावावर एकही सामना नव्हता. आता कुठे खेळ पुन्हा सुरू होणार होता आणि सगळा संघ हॉटेलात विलगीकरणात होता. तिथून हे गृहस्थ उठले आणि टूथपेस्ट, वर त्वचेला लावायचं क्रीम आणायला दुकानात जाऊन आले. कुणी चोरून फोटो काढला नव्हता. सामन्याला दोन दिवस उरले असताना पत्रकारांशी गप्पा मारता मारता त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. मग काय, ज्या पहिल्या सामन्याची दोन महिने वाट पाहिली, तो त्यांच्याविना झाला. आउग्सबुर्ग तो शेवटच्या क्षणी १-२ असा हरलंही.

हे वाचून मी आधी हसलो. मग वाटलं, हा काय न्याय? मैदानावर बावीस जण एकमेकांच्या अंगावर धडकणार, कॉर्नरला शर्ट ओढणार, नाकाला नाक लावून भांडणार, ते चालतं. आणि एका माणसाने दुकानातून टूथपेस्ट आणली तर आभाळ कोसळतं?

उत्तर मिळालं डेन्मार्कमध्ये. मोठ्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडू कुठल्या क्षणी मैदानात नेमका कुठे आहे याची नोंद कॅमेरे ठेवतच असतात. कोण किती धावलं हे त्यावरूनच कळतं. ऑर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या अव्वल लीगच्या चौदा सामन्यांच्या अशा नोंदी घेतल्या आणि एक साधा प्रश्न विचारला: यातला एक जण बाधित आहे असं धरलं, तर बाकीचे त्याच्यापासून दीड मीटरच्या आत किती वेळ असतात? नव्वद मिनिटांच्या खेळात सरासरी उत्तर निघालं दीड मिनिटाच्या आसपास.

दीड मिनिट! आपल्याला टीव्हीवर जो सामना शिवाशिवीसारखा दिसतो, तो बहुतेक वेळ एकमेकांपासून पळण्याचा खेळ असतो. चेंडूजवळ तिघे-चौघे, बाकीचे सात-आठ हजार चौरस मीटर गवतावर पांगलेले, वर उघडं आकाश, अंगावर वारा. धडक जोरदार असते, पण क्षणाची. उलट ड्रेसिंग रूममध्ये खिडकी नसते, बसमध्ये शेजारची सीट असते, जेवणाच्या टेबलावर गप्पा रंगतात. विषाणूला धडकेत रस नाही. त्याला हवी बंद खोली आणि निवांतपणा. म्हणजे नियम खऱ्या अर्थाने पाळायचे होते ते खेळ नसलेल्या साडेबावीस तासांत. दुकानातली रांग त्यातच येते.

जर्मनीच्या लीगने हे ओळखून आराखडा बांधला. राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर त्या वैद्यकीय गटाचे प्रमुख होते. स्टेडियमचे तीन भाग पाडले आणि सगळी मिळून तीनशेच्या आसपासच माणसं आत घेतली. राखीव खेळाडू मास्क लावून, एक खुर्ची सोडून एक. आणि सगळ्याच्या मुळाशी होती नाकात जाणारी ती कांडी.

त्या कांडीचं गणित मला अजून थक्क करतं. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय तुकड्याची प्रत काढतात. एकाचे दोन, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आहे ना, तेच. तीस फेऱ्यांनंतर एका तुकड्याचे १०७ कोटी होतात, आणि जे सूक्ष्मदर्शकालाही सापडलं नसतं ते यंत्राला लख्ख दिसतं. तरीही ही चाचणी एका ठिकाणी हतबल असते. संसर्ग झाल्यावर पहिले एक-दोन दिवस नाकात विषाणू पुरेसा नसतोच, त्यामुळे अहवाल निर्दोष येतो आणि माणूस मात्र उद्या-परवा पसरवायला तयार होत असतो. म्हणून एकदा तपासून भागत नाही. पुन्हा पुन्हा तपासायचं, सामन्याच्या तोंडावर तर हमखास, आणि दोन चाचण्यांच्या मधल्या फटीत कुणी बाहेर डोकावणार नाही हे पाहायचं. ती फट बुजवणं यंत्राला जमत नाही. तिथे माणसाच्या शिस्तीवर भिस्त.

आणि शिस्त म्हटली की सालोमॉन कालू आठवतो. ४ मे २०२० ला लीगने जाहीर केलं की ३६ क्लबांत १,७२४ चाचण्या झाल्या, दहा बाधित निघाले, सारं आटोक्यात आहे. सरकारची परवानगी दोन दिवसांवर आली होती. त्याच दिवशी हेर्था बर्लिनच्या या अनुभवी खेळाडूने फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं. फोन हातात घेऊन स्वारी ड्रेसिंग रूमभर फिरतेय, भेटेल त्याच्याशी हस्तांदोलन चाललंय, मग थेट एका सहकाऱ्याचा नमुना घेतला जात होता त्या खोलीत. नमुना घेणारा बिचारा म्हणतोय, हे पुसून टाक. पण थेट प्रक्षेपण पुसणार कसं? क्लबने त्याच दिवशी कालूला निलंबित केलं. मला वाटतं, त्याचा खरा गुन्हा हस्तांदोलन नव्हताच. कागदावरचे नियम आणि खोलीतलं वास्तव यांतली दरी त्याने अख्ख्या जर्मनीला दाखवली.

गंमत पुढे आहे. बारा दिवसांनी त्याच हेर्थाचे खेळाडू गोलनंतर एकमेकांच्या गळ्यात पडले, एकाने दुसऱ्याच्या गालाला ओठही टेकवले. शिक्षा? काही नाही. गोल साजरा करण्याबद्दल आम्ही फक्त सूचना केली होती, नियम नव्हे, असं लीगचं म्हणणं. ते मला पटतं. दीड मिनिटाच्या हिशेबात दोन सेकंदांची मिठी कितीशी भर घालणार? आणि वर्षानुवर्षं गोल झाला की शरीर आपोआप मित्राकडे झेपावतं. ती सवय परिपत्रकाने जात नाही.

थुंकण्याचंही तसंच. जोरात धावताना तोंडाने श्वास घेतला की लाळ घट्ट होते, तिच्यातलं चिकट प्रथिन वाढतं, गिळवत नाही. खेळाडू थुंकतो तो उर्मटपणाने नव्हे. फिफाच्या वैद्यकीय समितीचे मिशेल ड'होघे यांनी थुंकणाऱ्याला पिवळं कार्ड दाखवावं असं सुचवलं होतं. पंचाने शिट्टी सांभाळायची की पिंका मोजायच्या? इंग्लंडमध्ये मात्र मुद्दाम कुणाच्या तोंडावर खोकणाऱ्याला लाल कार्डापर्यंत शिक्षा ठरली.

मग कुणी बाधित निघालं तर अंतिम शब्द कुणाचा? लीगचा नाही, पंचाचाही नाही. जर्मनीत तो स्थानिक आरोग्य कार्यालयाचा होता. कोलोनमध्ये तिघे बाधित निघाले, तेवढ्यांना घरी पाठवून बाकीचा सराव चालू राहिला. ड्रेस्डेनमध्ये नवे दोन निघाले आणि अख्खा संघ चौदा दिवस घरात. आधीच तळाला असलेल्या त्या संघाला मग उरलेले सामने श्वास न घेता खेळावे लागले, आणि तो खालच्या लीगमध्ये गेला. आजार तोच, कार्यालय वेगळं.

ब्राझीलमध्ये तर कार्यालय स्वतःच मैदानात उतरलं. ५ सप्टेंबर २०२१, साओ पाउलो, विश्वचषक पात्रतेचा ब्राझील-अर्जेंटिना सामना. जेमतेम पाच-सात मिनिटं झाली असतील, तोच आरोग्य यंत्रणेची माणसं सीमारेषा ओलांडून आत आली. इंग्लंडहून आलेल्यांना विलगीकरण सक्तीचं होतं आणि अर्जेंटिनाचे चौघे तिथूनच आले होते. त्यांतले तिघे चक्क खेळत होते. मेस्सी आणि नेमार अधिकाऱ्यांचं बोलणं ऐकत उभे. तो सामना पुढे कधीच खेळला गेला नाही.

आपल्याकडे गोव्याने हा प्रयोग अंगावर घेतला. २०२०-२१ची अख्खी इंडियन सुपर लीग, अकरा संघ, ११५ सामने, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीनच ठिकाणी. नोव्हेंबर ते मार्च खेळाडू हॉटेल, बस, मैदान, पुन्हा हॉटेल. खिडकीतून समुद्र दिसायचा, पण पायाला वाळू लागायची नाही. स्पर्धा तडीस गेली. पण पुढच्या हंगामात, जानेवारी २०२२ मध्ये, हा बंदिस्त व्यवस्थेचा फुगा फुटला आणि सामने पुढे ढकलावे लागले. मधल्या काळात, मे २०२१ मध्ये, गोव्यातले ते महिने काढून आलेल्या बेंगळुरू संघातल्या तिघांनी मालदीवमध्ये नियम मोडला. तिथल्या क्रीडामंत्र्यांनी संपूर्ण संघालाच देश सोडायला सांगितलं, मालकांनी माफी मागितली. एवढ्या सवयीनंतरही तीन माणसं पुरली.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा दिसतो तो १६ मे २०२० चा डॉर्टमुंड. लीग सुरू झाली तो दिवस. शाल्केला ४-० हरवलं, पहिला गोल हालांडचा. गोलनंतर सगळे अंतर राखून नाचले. टीव्हीवर चेंडूला बूट लागल्याचा आवाज येत होता, एरवी तो कधीच ऐकू येत नाही. सामना संपल्यावर खेळाडू सवयीने दक्षिणेच्या पायऱ्यांकडे गेले. एरवी तिथे पंचवीसेक हजार माणसं पिवळ्या कपड्यांत उभी असतात. त्या दिवशी नुसतं काँक्रीट होतं. खेळाडू एकमेकांपासून दोन-दोन हात लांब, ओळीने उभे राहिले आणि त्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघून टाळ्या वाजवू लागले.