दारू चालते, मग गांजा का नको? कायदेशीर करा म्हणणारे काय सांगतात आणि आजचा कायदा काय आहे

तुरीत नाहीतर उसात गांजाची झाडं सापडली, इतक्या लाखांचा माल जप्त, शेतकरी ताब्यात. अशी बातमी अधूनमधून कुठल्या तरी तालुक्यातून येतेच. मग पारावर प्रश्न ठरलेला: दारूच्या दुकानाला सरकार परवाना देतं, मग गांजाच का नको?

प्रश्न वाटतो तितका चेष्टेचा नाही. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये याच विषयावर आयोग नेमला होता. हजारावर लोकांच्या साक्षी घेऊन आयोगाने सांगितलं, सरसकट बंदी नको. परवाने द्या, कर लावा. पुढे कित्येक वर्षं देशात परवान्याच्या दुकानात गांजा मिळायचा. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने ते बंद झालं.

या कायद्यातली गंमत बघा. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. म्हणून त्याच झाडाच्या पानांची भांग वाराणसीत परवान्याच्या दुकानात मिळते आणि शेंडा खिशात सापडला तर जेल. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यामुळे भांगही विनापरवाना चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका आरोपीला याच व्याख्येच्या मुद्द्यावर जामीन दिला होता.

कायदेशीर करा म्हणणाऱ्यांचा खरा मुद्दा पुढचा आहे. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात सुमारे १.३ कोटी लोक गांजा-चरस घेतात. म्हणजे बंदीने पिणारा थांबला नाही, धंदा तेवढा चोरांच्या हाती गेला. माल कसला, त्यात काय मिसळलंय, पोराच्या हातात पडला का, कुणीच बघत नाही. कॅनडाने २०१८ मध्ये विक्री खुली केली, पण वयाची अट, कर आणि जवळ ३० ग्रॅमची मर्यादा ठेवून.

दुसरी बाजू हलकी नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मानसिक आजाराचा धोका वाढतो. थायलंडने २०२२ मध्ये मोकळीक दिली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. त्यामुळे उद्यापासून दुकानं उघडा म्हणणं घाईचं आहे. पण चिमूटभर गांजासाठी माणसाला जेलात घालून काय साधतं, याचं उत्तरही सापडत नाही.

२०२१ मध्ये सोलापूरच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने पिकाला भाव नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची रीतसर परवानगी मागितली होती. तशी परवानगी मिळत नाही. उत्तराखंडात लागवड सुरू झाल्याचं सांगतात, ती नशा नसलेल्या वाणाची आहे. त्यात नशेचा अंश ०.३ टक्क्यांपर्यंतच चालतो आणि परवाना लागतो.

आपल्याकडे आजचा कायदा असा. विनापरवाना झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. १ किलोपर्यंत गांजा सापडला तर १ वर्षापर्यंत कैद, २० किलोच्या वर किमान १० वर्षं. व्यसनी माणूस थोड्या मालासह सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर खटल्यातून सुटका होऊ शकते. आपल्या रानात दुसऱ्या कुणी झाडं लावलेली दिसली तर लगेच पोलिसांना कळवायचं. माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा आहे, आणि हे बंधन सरपंच आणि पंचांवरही आहे.