शेतकऱ्यांसाठी ॲप काढताय? आधी वारणेचा हिशोब बघा



चॅनेलवर महिन्यातून दोन-तीन जण तरी हे विचारतातच. "सर, शेतकऱ्यांसाठी ॲप काढायचंय. बाजारभाव, हवामान, पीकसल्ला, सगळं एकाच ठिकाणी. तीन लाखांचं कर्ज काढू का?" आज सविस्तर लिहितो, कारण हप्ता तुमच्या घरातून जाणार आहे, ॲप बनवून देणाऱ्याच्या नाही.

लांब जायला नको. वारणा नदी सांगली आणि कोल्हापूरच्या हद्दीवरून वाहते. 1998 साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाच्या पुढाकाराने दोन्ही जिल्ह्यांतल्या मिळून 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणानगरचा सहकारी साखर समूह, तिघांनी मिळून तो उभा केला. गावोगावी संगणक केंद्रं झाली. शेतकरी तिथं येईल, बाजारभाव बघेल, पिकाचा सल्ला घेईल, सरकारी योजना वाचेल, अशी कल्पना होती. म्हणजे बघा, तुमच्या मनातलं ॲप लोकांनी तेव्हाच काढलं होतं, आणि तेही सरकारच्या पैशानं.

मग शेतकरी केंद्रावर कशाला यायचा? माझ्या उसाचं वजन किती भरलं? तोडणीची तारीख कधी? खताची उधारी किती झाली? एवढंच. त्याआधी यासाठी कारखान्यावर हेलपाटा मारायला लागायचा. तो वाचला, हा खरा फायदा झाला. बाकीच्या सोयींना फारसा कोणी हात लावला नाही. आणि संगणक म्हटला की लाईट जाणार, मशीन बिघडणार, दुरुस्तीला माणूस लागणार.

पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन विभागाने 7 गावांत 8 महिने एक प्रयोग केला. गावातला संगणक काढला आणि त्याचं काम साध्या मोबाईलवर आणलं. समूहाकडे एक संगणक, त्याला जोडलेला एक फोन. गावातून SMS गेला की त्याच शेतकऱ्याच्या वजनाचं, खताचं उत्तर SMS नेच परत. खर्च कमी झाला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही हेच जास्त आवडलं. इतक्या वर्षांच्या खटाटोपातून टिकलं काय, तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या खात्याच्या तीन ओळी!

आता म्हणाल, बाजारभाव तर सगळ्यांनाच लागतो. मलाही तसंच वाटायचं. 2007 मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात आली. मराठीतून SMS, त्यात भाव आणि हवामान. मार्सेल फॅफचॅम्प्स आणि बार्ट मिंटन या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत तिचा परिणाम तपासला. त्यात आपला साताराही होता. 2012 ला निष्कर्ष छापून आला: सेवा घेणाऱ्यांना सरासरी भाव काही जास्त मिळाला नाही.

का, ते दुकानदाराच्या डोक्याने बघू. समजा कोरेगावकडच्या शेतकऱ्याकडे 10 क्विंटल सोयाबीन आहे. लांबच्या बाजारात क्विंटलला 80 रुपये जास्त आहेत, असा मेसेज आला. फायदा 800 रुपये. छोट्या टेम्पोचं भाडंच त्याच्या वर जाणार. शिवाय व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल, तर माल त्याच्याकडेच घालायचा. मेसेज खरा आहे, पण त्याचं करायचं काय?

केरळमध्ये उलटं घडलं. 1997 नंतर किनाऱ्यावर मोबाईल आले, तसे मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या अभ्यासात त्यांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाली. होडी वळवता येते हो! सोयाबीनची पोती तशी वळत नाहीत.

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' केलं, तेही एकाच कामासाठी. शेतावरच्या मोटरला मोबाईल जोडायचा. लाईट आहे का ते घरून कळतं आणि मोटर घरूनच चालू-बंद होते. रात्रपाळीची लाईट ज्याच्या वाट्याला येते, त्याला याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

माझं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. काउंटरवर लोक काय विचारतात ते आम्ही मुद्दाम वहीत लिहितो. "या आठवड्यात लाईट दिवसा की रात्री?" हा पहिल्या नंबरचा प्रश्न. "तो फिल्टर आला का?" हा दुसरा. ॲपच्या यादीत हे दोन्ही कधी नसतात.

तेव्हा तीन लाख राहू द्या. तासगाव भागात असाल तर शंभर रुपयांचं रजिस्टर आणा आणि प्रत्येक द्राक्ष बागायतदाराची छाटणीची तारीख लिहा. द्राक्षाची सगळी कामं छाटणीपासूनच्या दिवसांवर मोजतात. तारीख हातात असली की कोणाला कोणत्या आठवड्यात काय लागणार, ते तुम्हाला आधीच कळतं. वाळवा किंवा कराडकडे असाल तर उसाच्या लागणीची तारीख लिहा.

मग व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करा, ग्रुप नको. ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंग आणि संध्याकाळी राजकारण, तुमचा मेसेज खाली गाडला जातो. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात. पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून बिल करतानाच समोर नंबर सेव्ह करून घ्या. ज्याला वाचायचा कंटाळा, त्याला वीस सेकंदांचा आवाज पाठवा.

औषधाचं प्रमाण मात्र मनानं लिहू नका. एक चुकीचा मेसेज दोनशे बागांत जातो. सातारकरांनी बोरगावच्या आणि सांगलीकरांनी कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून मगच पाठवा. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबरही फुकट आहे.

पैसे मेसेजचे घेऊ नका, मालाचे घ्या. मेसेज वाचून किती जण दुकानात आले, ते त्याच रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात लिहा. एका हंगामानंतर तो रकाना भरलेला असेल, तर ॲपबद्दल बोलू. रजिस्टर कसं आखायचं, ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो.