शृंगारिक लावणी

शृंगारिक लावणी : स्त्रीपुरुषांची प्रीती, विरह व कामभावना यांचे चित्रण करणारी आणि श्रोत्यांच्या रंजनार्थ गायन-अभिनयासह सादर होणारी मराठी शाहिरी रचना. आध्यात्मिक, पौराणिक व उपदेशपर लावण्याही विपुल आहेत. तथापि लोकमानसात लावणी म्हणजे शृंगार हे समीकरण रूढ झाले. उत्तर पेशवाईत, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८), या प्रकारास मोठा आश्रय मिळाला. अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम व राम जोशी हे या काळातील प्रमुख शाहीर होत.

या रचनेतील बोलणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते. रचणारा मात्र पुरुष व श्रोतृवर्गही मुख्यतः पुरुषांचा. स्त्रियांचा फडात प्रवेश होण्यापूर्वी स्त्रीवेषातील ‘नाच्या पोऱ्या’ ही भूमिका करीत असे. म्हणजेच लावणीतील स्त्रीची अभिलाषा ही पुष्कळदा पुरुषश्रोत्यास जी ऐकावयाची असे ती अभिलाषा होय. बैठकीच्या लावणीत कलावती बसून एकच ओळ पुनःपुन्हा गाते व प्रत्येक वेळी मुद्रा आणि नेत्रपल्लवी यांनी तिचा निराळा अर्थ सुचविते. येथे शृंगार सूचित असतो. ढोलकीफडात द्रुत लय, नृत्य व द्व्यर्थी संवाद यांमुळे तो अधिक उघड होतो.

बारामतीशी या इतिहासाचा लक्षणीय संबंध आहे. पंडितकवी मोरोपंत (१७२९–९४) यांचे दीर्घ वास्तव्य व निधन तेथेच झाले. सोलापूरचे राम जोशी (१७६२–१८१२) तरुणपणी तमाशाच्या नादी लागल्याने घराबाहेर पडले, पंढरपुरास त्यांनी शास्त्राध्ययन केले आणि पुढे मोरोपंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांतून लोकप्रिय केल्या, असे परंपरा सांगते. एकाच कवीने उत्तान लावणी रचावी व कीर्तनही करावे, यात तत्कालीन समाजास विसंगती वाटली, तरी त्याची प्रतिष्ठा अखेरीस टिकली. लावणी सादर करणाऱ्या स्त्रीस मात्र असे परतीचे दार क्वचितच उघडे होते.

नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत बागायती वाढली. विसाव्या शतकात वालचंदनगरसारखे साखर कारखाने उभे राहिले. यात्रा-जत्रांतील फडांबरोबरच संगीत बारीची कला केंद्रे हाही रंजनाचा एक मार्ग ठरला. पुणे–सोलापूर मार्गावरील चौफुला (ता. दौंड) हे त्यांचे परिचित ठिकाण होय. बारीत श्रोता आवडीच्या लावणीची फर्माईश करतो व गाणे चालू असताना पैसे देतो. यास ‘दौलतजादा’ म्हणतात. कलावतीची मिळकत अशा प्रकारे श्रोत्याच्या तात्कालिक पसंतीवर अवलंबून राहिल्याने प्रेक्षकानुनयाचा दाब थेट तिच्यावर येतो.

अश्लीलतेच्या कारणावरून १९४७ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली व संहितांच्या पूर्वतपासणीची पद्धत आली. लोकनाट्य व चित्रपट यांनी लावणीस मध्यमवर्गात मान्यता मिळवून दिली. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ मध्ये व सुलोचना चव्हाण यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लावणीतील लैंगिकतेचे नियमन जातिव्यवस्थेशी निगडित असल्याचे दाखविले : कोल्हाटी, महार, मांग इ. समाजांतील कलावतींचा देह भोग्य मानावयाचा आणि नैतिकतेचा ठपकाही त्यांच्यावरच ठेवावयाचा, असा तो दुहेरी व्यवहार होय.

प्रेक्षकाच्या आवडीखातर शृंगार योजण्याची प्रवृत्ती अन्यत्रही आढळते. जपानी ॲनिमेपटांत कथेस अनावश्यक असूनही रसिकांना सुखावण्यासाठी घातलेल्या कामोद्दीपक दृश्यांस ‘फॅन सर्व्हिस’ म्हणतात. दोहोंत अनुनयाचे तत्त्व समान असले, तरी महत्त्वाचा भेद असा की, ॲनिमेतील पात्र रेखाटलेले असते. लावणीत ती भूमिका जिवंत स्त्री वठविते आणि प्रयोग संपल्यावरही त्या भूमिकेचा कलंक तिच्यामागे राहतो. म्हणून शृंगारिक लावणीचे मूल्यमापन करताना केवळ शब्द श्लील की अश्लील, एवढा विचार पुरेसा होत नाही. ती कोणी रचली, कोणासाठी गायिली गेली, मोबदला कोणत्या रीतीने मिळाला आणि नकार देण्याची मुभा गाणारीस होती काय, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे ठरतात.